आफ्रिकी भाषांत एम.ए. : शिरूर-दौंडच्या होतकरूंसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

पात्रता : शिरूर किंवा दौंड तालुक्यातला रहिवास, कोणत्याही शाखेची पदवी, आणि ‘उपयोग काय?’ हा प्रश्न दिवसातून चार वेळा ऐकून घेण्याची ताकद. उसाला पाणी धरायची पाळी रात्रीची असेल तर उमेदवाराला प्राधान्य. पाठांतराला इतका निवांत वेळ दुसरा मिळत नाही.

पायरी १ : घरी सांगणे

‘मी आफ्रिकन भाषा शिकणार’ असे एकवचनात सांगू नये. त्या खंडात सुमारे दोन हजार भाषा आहेत. एकट्या नायजेरियात पाचशेच्या वर. दक्षिण आफ्रिकेत अधिकृत भाषा अकरा होत्या. २०२३ साली तिथल्या सांकेतिक भाषेला मान्यता मिळाली आणि बारा झाल्या. ही माहिती वडिलांना द्यावी. ते शांतपणे विचारतील, “यातली एमपीएससीला कुठली चालती?” खरे उत्तर ‘एकही नाही’ असे आहे. ते द्यावे आणि आईकडे वळावे. आईचा प्रश्न एकच असतो : “लांब जावं लागंल का?” तिला सांगावे, आधी येरवड्यापर्यंतच. कारण पायरी ३ मध्ये दिले आहे. येरवडा म्हटल्यावर घरात जो गोंधळ उडेल तो ज्याचा त्याने निस्तरावा.

पायरी २ : दाखला शोधणे

‘आपल्याकडं असलं कुणी केलंय का?’ हा प्रश्न टपरीवर येणारच. दौंडकरांचे काम सोपे आहे, केडगाव त्यांच्याच तालुक्यात येते. तिथे मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मूळ भाषांतून मराठीत आणले. मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायला तिथल्याच बायका-मुली होत्या. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. हिब्रू ही आफ्रिकी भाषा नव्हे, असा आक्षेप कोणी जाणकार घेईल. त्याला सांगावे की इथिओपियाची अम्हारिक तिच्याच सेमिटिक घराण्यातली आहे. पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या गावात हे घराणे शंभर वर्षांपूर्वीच अभ्यासाला बसले होते.

शिरूरकरांना दाखल्यासाठी नाशिक गाठावे लागेल. तिथल्या शरणपूरच्या मिशनमध्ये, गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुले शिकत. त्यांतला जेकब वेनराइट पुढे मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टनच्या शोधात गेलेल्या तुकडीत होता. १८७३ साली आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा तिथल्या झाडावर त्याचे नाव कोरणारा हा नाशिकचाच विद्यार्थी. पार्थिवाबरोबर तो लंडनपर्यंत गेला. नाशिकहून आफ्रिकेला जाता येते, तर शिरूर-घोडनदीहून का नाही, असे म्हणून चहा संपवावा.

पायरी ३ : विद्यापीठ निवडणे

दिल्ली विद्यापीठात आफ्रिका अभ्यासाचा विभाग १९५५ पासून आहे, मुंबई विद्यापीठाचे केंद्र १९७१ पासून, कालिन्याच्या आवारात. अशा ठिकाणी इतिहास, राजकारण आणि अर्थकारणाचा भार मोठा असतो. स्वाहिलीतच मुरायचे असेल तर दार-एस-सलाम, आणि खिसा फारच खोल असेल तर लंडनचे सोआस. खिसा नेहमीसारखा असेल तर आधी डेक्कन कॉलेजमध्ये भाषाविज्ञानात एम.ए. करावे. भाषा कशी उकलायची ते एकदा कळले की मग कुठलीही भाषा घ्या. डेक्कन कॉलेज येरवड्यात आहे. आईला सांगितले ते हेच.

शिरूरकरांनी एसटीत खिडकी धरावी. शिक्रापूर, कोरेगाव भीमा आणि वाघोली या तीन ठिकाणच्या कोंडीत मिळून एक धडा सहज होतो. दौंडकरांना डेमूत उभे राहून वाचावे लागते, म्हणून त्यांनी पातळ पुस्तके निवडावीत.

पायरी ४ : उच्चार

झुलू आणि खोसा भाषांत जिभेने काढायच्या चटकाऱ्यांची व्यंजने आहेत. परदेशी विद्यार्थी त्यासाठी महिनोन्‌महिने आरशापुढे बसतात. आपण बसू नये. ‘जेवलास का?’ याला तोंड न उघडता ‘च्यक्’ करून नाही म्हणतो, तो आवाज म्हणजे त्यांचे पहिले व्यंजन. बैल हाकताना गालाच्या कडेने जो आवाज काढतात, ते दुसरे. पोरे टाळूला जीभ लावून घोड्याच्या टापा वाजवतात, ते तिसरे. बैलगाडा शर्यतीच्या घाटावर एक सकाळ उभे राहिलात तर निम्मा धडा कानावर पडतो. अवघड आहे ते पुढे : हा आवाज शब्दाच्या मधोमध, स्वर न अडखळू देता काढायचा असतो. तिथे बैल मदतीला येत नाहीत.

पायरी ५ : व्याकरण

इथे मराठी माणसाने छाती काढून चालावे. ‘मोठा घोडा पळाला, मोठी घोडी पळाली’ हे आपण न शिकता बोलतो. स्वाहिलीत हेच होते, फक्त शेपटाऐवजी तोंडाशी. ‘किसू किमोजा किमेपोतेया’ म्हणजे एक सुरी हरवली. दोन हरवल्या की ‘विसू विविली विमेपोतेया’. नाम बदलले की आख्खे वाक्य टोपी बदलते. आपल्याकडे लिंगे तीन, त्यांच्याकडे नामांचे वर्ग पंधराच्या आसपास. परका शब्दही सुटत नाही. ‘कीप लेफ्ट’च्या पाटीवरून चौकातल्या वर्तुळाला ‘किपिलेफ्टी’ म्हणू लागले, आणि अशी वर्तुळे अनेक झाली की ‘विपिलेफ्टी’. नगर रस्त्यावर हा नियम घोकू नये, तिथे डावी बाजू कोणी धरत नाही.

पायरी ६ : सराव

पुण्यात केनिया, टांझानिया, सुदान, नायजेरियाचे विद्यार्थी शिकायला येतात. दिसेल त्याला थांबवून “आफ्रिकन बोल ना जरा” म्हणू नये. आधी नाव विचारावे, मग गाव, मग भाषा. त्याला घरची एक, बाजारची एक आणि शाळेची एक अशा तीन भाषा बहुधा येत असतात.

स्वाहिली बोलणाऱ्याशी भेट ठरली तर वेळ नीट समजून घ्यावी. तिथले तास दिवस उगवल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. त्याने ‘सा म्बिली’ सांगितले तर आठला जावे. रात्री दोनला जाऊन दार वाजवू नये.

पायरी ७ : ‘उपयोग काय?’

हा प्रश्न बहुधा असा माणूस विचारतो, ज्याने पोराला कर्ज काढून इंग्रजी माध्यमात घातलेले असते आणि आजीशी त्या पोराचे बोलणे खुंटलेले असते. त्याला केनियाचा लेखक न्गूगी वा थिओंगो याची गोष्ट सांगावी. १९६८ साली नैरोबी विद्यापीठातला इंग्रजी विभागच बंद करा आणि आपले वाङ्मय मधोमध ठेवा, अशी मागणी त्याने दोन सहकाऱ्यांसह केली. पुढे गिकुयू या आपल्या मायभाषेत नाटक केले आणि १९७७ च्या अखेरीस सरकारने खटल्याशिवाय तुरुंगात टाकले. तोवर त्याच्या कादंबऱ्या इंग्रजीत होत्या. तुरुंगात त्याने शौचालयाच्या कागदावर गिकुयूत कादंबरी लिहिली. मायभाषेचे काय करायचे, हा आपला वाद तिथे लोकांनी तुरुंगात बसून लढला आहे. तो त्यांच्याच भाषेत वाचता येणे, हा एक उपयोग. भाषांतराची आणि शिकवण्याची कामे आहेत, थोडी आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगावे.

पायरी ८ : बायोडेटा

‘अवगत भाषा’ या रकान्यात मराठी, हिंदी, इंग्रजीनंतर ‘स्वाहिली’ ठळक लिहावे. स्थळे कमी येतील. जे येईल ते पोहे खाताना “हे काय असतं?” असे विचारेल. ‘पगार किती?’च्या आधी दुसरा एखादा प्रश्न विचारला गेला, हे या पदवीचे पहिले यश समजावे.