गंजाचे गिऱ्हाईक

नव्या कॅमेऱ्याचे हप्ते सुरू झाले की माणसाला जिकडेतिकडे गंज दिसू लागतो. रायपूरच्या हौशी मंडळींना त्यासाठी लांब जावे लागत नाही. बिलासपूर रस्त्यावर सिलतरा आहे. इथे स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. खनिजातला ऑक्सिजन कोळशाच्या मदतीने काढायचा, हा त्यांचा धंदा. दमट हवा तोच ऑक्सिजन लोखंडाला फुकटात परत करते आणि नवशिका छायाचित्रकार त्याला ‘टेक्स्चर’ म्हणतो.

भंगाराच्या पत्र्यासमोर तो उकिडवा बसतो. भर दुपारी, अर्थातच.

डोक्यावरच्या उन्हात पोपड्यांच्या सावल्या हरवतात आणि पत्रा सपाट दिसतो. तिरपे ऊन सकाळी मिळते, पण तेव्हा कलावंत झोपेत असतो. ऑटो व्हाइट बॅलन्सने गंजाचा नारिंगी रंग फिका केला, की घरी सॅच्युरेशन ताणून त्याची जिलबी केली जाते. अमेरिकेच्या ॲरन सिस्काइंडने १९४०च्या दशकात भिंतींवरच्या सोललेल्या रंगांत अमूर्त रचना शोधल्या, तेही कृष्णधवल फोटोंत. त्याच्याकडे जिलबीची सोय नव्हती.

सिलतऱ्यात स्पंज आयर्न मात्र कोरडे ठेवावे लागते. भिजले तर तापते, पेटही घेऊ शकते. त्यामुळे कारखानदार पावसाला धास्तावतो, तर छायाचित्रकार ‘मूड’साठी पावसाची वाट पाहतो. आसपासच्या वस्तीत घरांच्या छपरांवर बसणारी काळी धूळ त्याच्या फोटोत येत नाही. लेन्सवर बसते, तेवढी तो ब्लोअरने उडवतो.