वर बघणारे दाजी

काही माणसं दुसऱ्याच्या घरात शिरली की चपला काढायला जागा शोधतात, काही पंख्याखालची खुर्ची हेरतात. आमचे दाजी वर बघतात. उंबरा ओलांडला की त्यांची मान मागे जाते, चष्मा कपाळावर चढतो आणि तोंड थोडं उघडं राहतं. यजमान ‘या, बसा’ म्हणेपर्यंत नजर एका कोपऱ्यातून निघून पंख्याच्या हुकापाशी पोचलेली असते. मग ते बसतात, पाणी पितात आणि विचारतात, “कधीपासून आहे ही?”

ही म्हणजे छताची भेग. यजमानाला ती बहुधा ठाऊकही नसते. दाजी गेल्यावर मात्र त्याला घरात दुसरं काही दिसत नाही.

असा एकेक जाणकार प्रत्येक गोतावळ्यात असतो. कुणाकडे सातबाऱ्याचा, कुणाकडे मूतखड्याचा. आमच्या वाट्याला भेगांचा आला. दाजी दौंडचे. रेल्वेच्या क्वार्टरांची डागडुजी बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. दौंड म्हटलं की लोकांना जंक्शन आठवतं, मनमाडकडे नाहीतर बारामतीकडे जाणारी गाडी आठवते. दाजींना आठवतं ते कुठल्या क्वार्टरात मोरीच्या वर गळायचं. निवृत्तीनंतर क्वार्टरं सुटली, नजर सुटली नाही.

पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही पाटसला गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, तिनं नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. दाजी छताकडे. मुलीकडच्यांना वाटलं, काय मर्यादशील माणूस आहे, परक्याच्या पोरीकडे मान वळवूनसुद्धा बघत नाही. परत निघताना गाडीत सगळ्यांनी त्यांचं मत विचारलं. “मुलगी चांगली आहे,” दाजी म्हणाले, “पण त्यांनी सेंटरिंग लवकर काढलंय. स्लॅबला मध्ये झोल आहे.” लग्न झालं, सून नांदायला आली. दाजी अजूनही तिच्या वडिलांना भेटले की आधी स्लॅबची विचारपूस करतात, मग प्रकृतीची.

केडगावला एका घरी मयतीनंतर भेटायला गेलो, तेव्हाचा प्रसंग तर आमच्याकडे अजून सांगतात. दाजी दारातच थबकले. वर बघत राहिले. डोळे बारीक झाले, ओठ हलले. घरातल्या बायांना हुंदका आवरेना. सोयऱ्याधायऱ्यातला माणूस, पण किती जीव लावून होता! दाजींनी हलक्या आवाजात आजींना विचारलं, “वरून येतंय का काही?” आजींनी पदर डोळ्याला लावला. “आता कुठलं येतंय हो वरून. गेलं ते गेलं.” दाजी समाधानानं म्हणाले, “मग डाग जुना आहे.”

त्यांच्या स्वतःच्या घरी छतावर पेन्सिलीनं तारखा लिहिलेल्या आहेत. भेगेच्या टोकाला आडवी रेघ, शेजारी तारीख. टोक पुढे सरकलं की नवी रेघ, नवी तारीख. अक्का म्हणते, “माझा वाढदिवस तेवढा तिथे लिहा, म्हणजे तुमच्या ध्यानात राहील.” भारतीय मानक संस्थेनं इमारतींना भेगा का पडतात आणि त्या कशा टाळायच्या यावर 1984 साली एक आख्खी पुस्तिका काढली होती, एस. पी. 25 नावाची. तिची झेरॉक्स दाजींच्या देवघराखालच्या कप्प्यात पंचांगाशेजारी असते. पंचांग वर्षाला बदलतं.

भेगेचं खापर कुणावर फोडायचं याबाबत आमच्या दोन तालुक्यांत एकमत नाही. दौंडमध्ये दोष रेल्वेचा. मालगाडी गेली की मांडणीवरची भांडी वाजतात, म्हणजे भिंतही तिनंच फाडली. शिरूरला रेल्वे नाही, त्यामुळे तिथे ते काम नगर रस्त्यावरून रांजणगावकडे जाणाऱ्या कंटेनरांना करावं लागतं. आतल्या गावांमध्ये शेजाऱ्यानं घेतलेली बोअर असते. आणि सांगणारा पन्नाशीपुढचा असेल तर किल्लारीचा भूकंप. एकानं दाजींना भिंतीपासून पंख्यापर्यंत गेलेली भेग अभिमानानं दाखवली, “ही किल्लारीची.” दाजींनी घर कधी बांधलं ते विचारलं. “दोन हजार चारला.” “भूकंप 1993 चा. पोचायला उशीर झाला तिला,” दाजी म्हणाले आणि चहा प्यायले.

रेल्वेवरचा आरोप मात्र त्यांना लागतो. मालगाडीनं घरं फाटली असती तर दौंड स्टेशन इंग्रजाच्या डोळ्यांदेखतच खाली बसलं असतं, असं ते म्हणतात. त्यांच्या मते आमच्याकडचा खरा गुन्हेगार पायाखाली आहे. काळी माती. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. पाया मुरुमापर्यंत नेला नसेल तर घर दरवर्षी थोडं उठतं आणि थोडं बसतं. त्यात बांधाला कॅनॉल आणि अंगणापर्यंत ऊस. “मालक पाणी उसाला देतो,” दाजी म्हणतात, “पितो पाया.”

आता आमच्या शिरूरच्या घराची गोष्ट. हॉलच्या छताला भेग होती. दिवाळीला रंगाखाली जायची, गणपतीपर्यंत परत यायची. हे काम आमच्या नेहमीच्या मिस्तरींचं. माणूस गुणी, हात चालू, आणि स्वभाव कमालीचा आशावादी. दर वेळी ते भेग छन्नीनं उघडायचे, घमेल्यात सिमेंट सढळ हातानं ओतायचे आणि सांगायचे, “आता परत आली तर मिशी काढंन.” मिशी अजून आहे. चांगली झुपकेदार आहे.

शेवटी आईनं दाजींना बोलावणं पाठवलं. ते चौफुला-न्हावरा रस्त्यानं मोटरसायकलवर आले. पिशवीत टॉर्च, लहान हातोडी, पेन्सिल आणि फोटोफ्रेमवाल्याकडून कापून आणलेल्या काचेच्या पातळ पट्ट्या. स्टुलावर चढून त्यांनी छत हातोडीनं वाजवत नेलं. मिस्तरी खाली हाताची घडी घालून उभे.

“ही एक भेग नाहीच,” दाजी वरूनच म्हणाले. “तीन आहेत. तुम्ही तिघींना एकच औषध देताय.”

पहिली पश्चिमेच्या भिंतीलगत, स्लॅब आणि भिंत जिथे भेटतात तिथे. तिच्यावर दाजी फार प्रेमानं बोलले, कारण तिथे त्यांना रेल्वे आणता आली. “आमचा रूळ 13 मीटरचा. उन्हानं वाढतो, म्हणून इंग्रजानं दोन रुळांमध्ये फट ठेवली. तुमचा स्लॅब 10 मीटर, आणि वरून शिरूरचं ऊन. 30 अंशांनी तापला तर 3 मिलिमीटर लांबतो. खालची भिंत सावलीत, ती जागची हलत नाही. तुम्ही फट ठेवली नाही, म्हणून त्यानं स्वतः पाडून घेतली. बुजवली तरी परत पाडणार. त्याचा हक्क आहे तो.”

दुसरी भेग सरळ, पट्टी लावून आखल्याप्रमाणे. इन्व्हर्टरची वायर नेण्यासाठी कुणीतरी छत खोदून पाइप घातला होता आणि खाच नुसत्या सिमेंटनं लिंपली होती. वर ना जाळी, ना काही. तिसरी गच्चीवरच्या टाकीखाली. तिथे तपकिरी डाग होता आणि हातोडी मारली की पोकळ आवाज यायचा. “आत सळई गंजतेय,” दाजी म्हणाले. “गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो फुगतो आणि खालचा थर ढकलून देतो. इथे प्लास्टरचं काम नंतर. आधी गच्चीवर चला.”

“आणि या केसाएवढ्या बारीक रेघा?” आईनं विचारलं. त्या सगळ्या छतभर होत्या.

“त्या आपल्या मिस्तरींच्या.”

मिस्तरींनी घडी सोडली. “दाजी, म्या सिमेंट कमी घातलं असंल तर सांगा!”

“तेच तर. जास्त घातलं. सिमेंट जितकं जास्त तितकं प्लास्टर आकसतं. ओलं दिसलं की तुम्ही वरून कोरडं सिमेंट मारता, त्यानं वरचा पापुद्रा आधी सुकून फाटतो. पाणी किती दिवस मारलं?”

“सिलिंगला पाणी मारलं की आपल्याच तोंडावर पडतंय,” मिस्तरी म्हणाले. या उत्तरात तथ्य होतं.

मग दाजींनी तिन्ही भेगांवर आडव्या काचपट्ट्या बसवल्या, दोन्ही टोकांना सिमेंटचा ठिपका, खाली तारीख. पट्टी तुटली तर भेग हलती आहे, टिकली तर निजलेली. निजलेली भेग भरता येते, हलत्या भेगेला मात्र हलायला जागा द्यावी लागते. आणि हे कळायला एक उन्हाळा, एक पावसाळा जायला हवा. “वर्ष?” आई म्हणाली. “जावईबापू, गणपतीत पाहुणे येतात.” दाजींनी पाहुण्यांनाही वर बघायला सांगावं असं सुचवलं.

पाहुणे वर बघायचेच. छताला तारखा घातलेल्या काचा दिसल्यावर कोण बघणार नाही? शेजारच्या काकूंना तो वास्तुदोषावरचा उपाय वाटला. कुठल्या गुरुजींनी सांगितलं, म्हणून त्यांनी आईला खोदून खोदून विचारलं. आईनं खरं ते सांगितलं, दौंडच्या जावयांनी. काकूंनी आपल्या देवघराच्या छतालाही एक पट्टी लावून घेतली आणि त्यांच्या मुलाचं प्रमोशन झालं. यावर काही बोलणं दाजींना अजून जमलेलं नाही.

मे महिन्यात ऐन दुपारी भिंतीलगतची पट्टी टक्कन तुटली. आम्ही दौंडला फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, “किती वाजता?” आवाजात नातू झाल्यासारखा आनंद. उरलेल्या दोन पट्ट्या पावसाळाभर शाबूत राहिल्या. दिवाळीनंतर काम काढलं.

एवढ्याशा प्लास्टरसाठी एवढं रामायण होतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. सुरुवात गच्चीवरून. टाकीभोवतीचा कोबा फोडून नवा केला, दोन दिवस पाणी साठवून ठेवलं, खाली ओल येत नाही हे बघितलं. कोब्यावर पांढऱ्या चिनी तुकड्यांचं चायना मोझॅक, म्हणजे पाणीही अडेल आणि स्लॅब कमी तापेल. मग खाली. डागाची जागा सळईच्या मागेपर्यंत उकरली, सळई तारेच्या ब्रशनं चकाकेपर्यंत घासली, तिला गंजरोधक लावलं, खड्डा दुरुस्तीच्या खास मालानं भरला. इन्व्हर्टरच्या खाचेवर दोन्हीकडे सहा सहा इंच जाईल अशी कोंबडी जाळी ठोकली. बाकीच्या छताला टाचे मारले, कारण सेंटरिंगच्या गुळगुळीत पत्र्यावर ओतलेल्या स्लॅबला प्लास्टर धरत नाही.

वाळूवरून एक सकाळ गेली. भीमेच्या आणि घोडच्या पात्रातल्या वाळूचं काय होतं ते दोन्ही तालुक्यांना माहीत आहे, त्यावर मी लिहीत नाही. आमच्याकडे आली ती क्रश सँड. दाजींनी वहिनीचा नवा काचेचा ग्लास मागितला, त्यात वाळू आणि मिठाचं पाणी घालून हलवला आणि फडताळावर ठेवून दिला. तासाभरानं वाळूच्या वर भुकटीचा जाड थर बसला. ट्रॅक्टर परत गेला. ग्लासही गेला, कारण वहिनीनं तो नंतर घरात घेतला नाही.

प्लास्टर 6 मिलिमीटर, त्याहून जाड नाही. मिस्तरींचा हात सवयीनं कोरड्या सिमेंटकडे गेला की स्टुलाजवळून खाकरण्याचा आवाज यायचा. पिशवीवर पीपीसी लिहिलं होतं. राखेचं सिमेंट, त्याला पाणी जास्त दिवस लागतं. म्हणून 10 दिवस सकाळ-संध्याकाळ फवारणी. मिस्तरींनी हेल्मेट घालून पाणी मारलं, पुढची काच खाली ओढून.

राहिली भिंतीलगतची. तिथे दाजींनी छताचं आणि भिंतीचं प्लास्टर मुद्दाम एकमेकांना भिडू दिलं नाही. पातळ पट्टी धरून सरळ खाच ठेवली. आई बघतच राहिली. “एवढा खर्च करून शेवटी भेगच ठेवली?” दाजी म्हणाले, “ही आपण पाडलेली आहे. सरळ आहे.” त्यानंतर रंगारी आला. सज्जन माणूस. कुणाच्या तरी हातून राहून गेलं असणार असं समजून त्यानं ती खाच पुट्टीनं टोकापासून टोकापर्यंत भरली, घासली आणि जादा पैसेही मागितले नाहीत. दाजींनी दुसऱ्या दिवशी दौंडहून येऊन चाकूनं ती सगळी उकरली. ते करताना ते जे पुटपुटत होते ते झेरॉक्समध्ये नसावं.

पुढचा उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दाजी गणपतीला आले. टॉर्च घेऊन अर्धा तास वर बघितलं. काही नव्हतं. त्यांनी हातोडी वाजवली, आवाज भरीव आला. मग ते खुर्चीवर बसले आणि चहा नको म्हणाले. अक्कानं त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

तेवढ्यात मिस्तरी आले. शेजारच्या काकूंचं छत त्यांनी घेतलं होतं आणि त्याचं छापील एस्टिमेट दाजींना दाखवायला आणलं होतं. दाजींनी चष्मा खाली घेतला. पहिलीच ओळ होती, ‘काचपट्टी तपासणी, प्रति नग’, आणि पुढे असा दर, की फोटोफ्रेमवाल्यानं धंदा बदलावा. खाली वाळूची ग्लास परीक्षा, तिचे वेगळे. दाजी एक शब्द बोलले नाहीत. उठून तसेच काकूंच्या हॉलमध्ये गेले, आम्ही मागोमाग. मान मागे गेली, चष्मा कपाळावर चढला. पट्ट्या बरोबर बसल्या होत्या, भेगेला आडव्या, दोन्ही टोकांना ठिपके.

“मिस्तरी,” दाजी म्हणाले, “तारीख टाकली नाही.”

“तारखेचा रेट येगळा लागंल, दाजी,” मिस्तरी मिशीवरून हात फिरवत म्हणाले.