मानपत्र लिहिणाऱ्याचं मनोगत

आमच्या गावात कुणाचा सत्कार ठरला की ती बातमी दोघांना सगळ्यांच्या आधी कळते. एक मंडपवाल्याला आणि एक मला. मंडपवाल्याला ॲडव्हान्स मिळतो, मला चहा. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा माझं अक्षर बरं आहे आणि हाताशी वेळ आहे, या दोन्ही गोष्टी गावाच्या एकदमच लक्षात आल्या. तेव्हापासून पंचक्रोशीतली मानपत्रं माझ्याकडे येतात. सरपंच, माजी सरपंच, पतसंस्थेचे चेअरमन, दूध संस्थेचे संचालक, बचत गटाच्या ताई, वाडीवरच्या एकाच शाळेत सगळी नोकरी काढलेले गुरुजी... पाठ फिरल्यावर ज्यांना 'तो' म्हणतात अशा कित्येकांना मी शाईने 'आपण' केलं आहे.

मानपत्राची भाषा ठरलेली असते आणि तिच्यात फार ढवळाढवळ केलेली लोकांना आवडत नाही. 'आपण व्यक्ती नसून एक संस्था आहात' हे वाक्य मी इतक्या जणांना लिहून दिलंय, की धर्मादाय आयुक्तांकडे नोंद नसलेल्या सर्वांत जास्त संस्था आमच्याच तालुक्यात निघतील. मध्यंतरी मिसरूड नुकतं दाट झालेल्या एका नगरसेवकाला 'आधारवड' म्हणावं, असा कार्यकर्त्यांनी आग्रह धरला. मी म्हटलं, "अरे, वडाला पारंब्या फुटायला तरी वेळ द्या." त्यावर एकजण शांतपणे म्हणाला, "गुरुजी, पारंब्या आम्ही आहोत की." मी मुकाट्याने आधारवड लिहिलं.

खरी अडचण येते ती माहिती गोळा करताना. काही सत्कारमूर्तींची माहिती मी मागायच्या आधीच येते. टाइप केलेली, पानापानाला फोटो लावलेली. मंत्रिमहोदयांना गुच्छ देताना, मंत्रिमहोदयांकडून गुच्छ घेताना, आणि मंत्रिमहोदय दुसऱ्याच कुणाशी बोलत असताना मागे उभं राहून. अशांचं मानपत्र तासाभरात होतं. विशेषणं तीच सुचवतात, मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघतो.

दुसऱ्या जातीच्या माणसांकडे मात्र माहितीच नसते. आमच्याकडे एक ताई आहेत. एकदा ग्रामपंचायतीवर निवडून आल्या होत्या, पुढच्या वेळी आरक्षण बदललं, पद गेलं. काम मात्र कुणी त्यांच्याकडून काढून घेतलं नाही, कारण ते घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज भरायचे, तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला काढायचा, थकलेल्या बाईला एसटीत बसवून तहसील कचेरीत न्यायचं, साहेब जागेवर नसले तर परत आणायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा न्यायचं. शिवाय दरसाल हयातीचा दाखला. म्हणजे समोर उभी असलेली बाई जिवंत आहे हे कागदावर पटवून द्यायचं. ताईंचा सत्कार करायचं महिला मंडळाने ठरवलं आणि मी वही-पेन घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"किती जणींची कामं केलीत ताई आजवर?"

"आता ते कुठं मोजत बसू?"

"अंदाजे?"

"अंदाज तुम्हीच लिहा. पण गुरुजी, आलाच आहात तर एवढे चार अर्ज जरा भरून द्या. माझं अक्षर साहेबाला लागत नाही, तुमचं लागंल."

दिवेलागणीला मी उठलो तेव्हा अर्ज चारही भरून झाले होते आणि मानपत्राची पाटी कोरी होती. वर एक निरोपही मिळाला होता, की उद्या तुम्ही तहसीलकडे जाणारच असाल तर हे एवढे खिडकीत देऊन या. मी तहसीलकडे जाणार नव्हतो. पण गेलो.

या कामात इतकी वर्षं काढल्यावर पुढाऱ्यांची माझ्यापुरती मी एक परीक्षा ठरवली आहे. काही जणांसमोर गेलं की आपण खुर्चीत बसतो आणि टाळ्या वाजवतो. काही जणांसमोर गेलं की उठताना आपल्या हातात काहीतरी काम असतं. पहिल्या जातीचे सत्कार देखणे होतात. दुसऱ्या जातीच्या माणसाचा सत्कार करणं अवघड, कारण तो सत्कारातही आपल्याला सोडत नाही.

शालीचंच बघा. शाल हे थंडीत घ्यायचं वस्त्र, आणि आपले सत्कार भर एप्रिल-मेमध्ये, पत्र्याच्या मंडपात. सत्कारमूर्ती घामाने निथळत असतो आणि पाहुणे त्याला आणखी पांघरूण घालत असतात. फोटो निघाला की शाल घडी होऊन पिशवीत, पिशवी कपाटात आणि पुढच्या सत्काराला तीच शाल दुसऱ्याच्या खांद्यावर. कोपऱ्यात चहाचा डाग पडलेली एक शाल मला अधूनमधून व्यासपीठावर भेटते. आता आमची चांगली ओळख झाली आहे. त्या मानाने खेड्यातली टॉवेल-टोपीची पद्धत शहाणपणाची. टोपी उन्हात कामी येते आणि टॉवेल तर दुसऱ्याच दिवशी दोरीवर दिसतो. नारळाचंही तसंच, संध्याकाळी फुटतो आणि सकाळी चटणीत असतो. अलीकडे जेसीबीच्या बकेटमधून फुलं उधळतात आणि क्रेनला टांगलेला हार सत्कारमूर्तीच्या भोवती सोडतात. ज्या गल्लीतलं गटार उपसायला जेसीबी मिळत नाही, त्याच गल्लीत फुलांसाठी तो वेळेवर हजर असतो. याचं नवल मी एकट्यानेच करतो, बाकीचे व्हिडिओ काढत असतात.

मला कधीकधी वाटतं, शाल ही समाजाने फाडून दिलेली पावती आहे. तुमचे उपकार पोचले, आता आमच्याकडे बाकी काही नाही. पावती मिळाली की हिशेब मिटतो. निदान आपल्याला तसं वाटतं.

पावत्यांचा हा व्यवहार जुना आहे. जोतीराव फुल्यांचा सत्कार १६ नोव्हेंबर १८५२ ला पुण्याच्या विश्रामबागवाड्यात झाला. मेजर कँडींच्या हस्ते, शालजोडी देऊन. जोतीरावांचं वय तेव्हा पंचविशीचं. मुलींची शाळा काढून चार वर्षं झाली होती आणि त्या शाळेपायी नवरा-बायकोला वडिलांचं घर सोडावं लागलं होतं. शहरातून सावित्रीबाईंच्या अंगावर शेण येत होतं आणि सरकारातून शाल. एकाच कामाच्या या दोन पोचपावत्या. पुढे ११ मे १८८८ ला मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात रावबहादूर वंडेकरांच्या पुढाकाराने लोकांनी त्यांना 'महात्मा' म्हटलं. परक्या सरकारला जे पंचविशीत दिसलं, ते आपल्या लोकांना जाहीरपणे म्हणायला आणखी छत्तीस वर्षं लागली. उशिरा का होईना पण म्हटलं, आणि ते असं टिकलं की मधल्या काळात ज्यांना ज्यांना पदव्या मिळाल्या असतील, त्यांतली एकही आज कुणाला आठवत नाही.

टिळकांचा सत्कार तर माझा विशेष लाडका. २३ जुलै १९१६ ला त्यांना एकसष्टावं लागलं. लोकांनी एक लाख रुपयांची थैली दिली. त्या काळचा लाख, म्हणजे मोजताना हात दुखावा असा. आणि त्याच दिवशी सरकारनेही आठवण ठेवली: वर्षभर नीट वागण्याबद्दल वीस हजारांचा जातमुचलका का घेऊ नये, अशी नोटीस बजावली. वाढदिवसाला सरकारकडून याहून मोठं मानपत्र कुणाला मिळालं असेल असं मला वाटत नाही. नोटिशीचं पुढे हायकोर्टात काही चाललं नाही, तिथे टिळकांच्या बाजूने जीना उभे होते. थैलीचं काय झालं ते जास्त मजेचं. टिळकांनी ती देशकार्यासाठी परत लोकांच्याच पदरात घातली. म्हणजे लोक पैसे देऊन मोकळे व्हायला आले होते आणि जाताना आणखी काम घेऊन गेले. आमच्या ताईंचीच रीत ही, फक्त अर्जांच्या जागी स्वराज्य.

महर्षी कर्व्यांच्या बाबतीत समाजाने पावती फाडायला जरा जास्तच वेळ घेतला. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं म्हणून त्यांच्याच मुरूड गावाने बहिष्कार घातला. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, पुढे तो हिंगण्याच्या माळावर नेला आणि फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून झालं की ते तिकडे पायी जात. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. 'भारतरत्न' मिळालं १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी. त्याच साली त्यांचं टपाल तिकीट निघालं. त्यांचं अभिनंदन करायला पत्र धाडायचं, तर त्यावर त्यांचंच तिकीट लावून धाडता आलं असतं. दीर्घायुष्य हा समाजसेवेचा एक आवश्यक भाग आहे, हे मी तेव्हापासून मानतो. साठीत गेलेल्यांना आपल्याकडे फार फार तर शोकसभा मिळते.

आता अलीकडचं. तेव्हाच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे एकेकाळी असं गाव होतं, की सरकारी माणसाला तिथली बदली म्हणजे शिक्षा वाटायची. १९८९ मध्ये गावाने आपल्यातलं एकमेव एम.कॉम. झालेलं पोरगं धरलं आणि सरपंच केलं. पोपटराव पवारांना क्रिकेटमध्ये रस होता, घरच्यांना त्यांनी नोकरी करावीशी वाटत होती. गावाने दोन्हींचा विचार केला नाही. शिकलेल्या माणसाने गावात राहू नये, राहिला तर त्याचं असं होतं. मग त्यांनीही गावाला सोडलं नाही. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, दारूबंदी, शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई, आणि दरवर्षी पाऊस किती झाला ते मोजून कोणतं पीक घ्यायचं याचा ग्रामसभेत हिशेब. २०२० च्या पद्मश्रींच्या यादीत त्यांचं नाव आलं. आमच्या गावचे पुढारी तिकडे अभ्यास दौऱ्यावर जाऊन आले. फोटो उत्तम निघाले. परत आल्यावर चौकात 'अभ्यास दौरा यशस्वी केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' असा फ्लेक्स लागला. त्यावर जाऊन आलेल्यांचे चेहरे होते आणि खाली शुभेच्छुक म्हणून न गेलेल्यांचे. त्या उन्हाळ्यात गावाला टँकर नेहमीच्याच तारखेला सुरू झाला.

सत्काराची रीत खऱ्या अर्थाने उलटी केली ती गाडगेबाबांनी. गावात शिरले की हातात खराटा. दिवसभर रस्ते आणि गटारं साफ करायची, रात्री कीर्तनात लोकांच्या डोक्यातली सफाई. लोक पाया पडायला वाकले की बाबा दूर सरकत. कीर्तनातून, लोकांकडून जमलेला पैसा धर्मशाळांत आणि शाळांत. आणि सांगतात, की गाव स्वच्छ झालं की बाबाच गावकऱ्यांचं अभिनंदन करत. हे वाचलं तेव्हा मला मानपत्र लिहिणारा म्हणून जरा चिंताच वाटली. सत्कारमूर्तीच श्रोत्यांचा सत्कार करू लागला तर माझं काय? पुढे २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा तपासणीची समिती यायच्या आदल्या रात्री आमच्या गावाने जे झाडलं, तसं ते ना आधी झाडलं होतं ना नंतर. पण झाडलं. आजीपासून अंगणवाडीतल्या पोरांपर्यंत सगळे रस्त्यावर होते, आणि चेअरमन साहेबांच्या हातात खराटा मी आयुष्यात त्या एकाच रात्री पाहिला. त्यांनी तो उलटा धरला होता.

हे सगळं लिहिलं म्हणून मी सत्काराविरुद्ध आहे असं कुणी समजू नये. मला सत्कार आवडतात. सत्कार होत असलेल्या साध्या माणसाकडे बघत बसणं तर फारच आवडतं. खुर्चीत कसं बसावं हे त्याला कळत नसतं, हार गळ्यात ठेवायचा की काढायचा यावर तो शेजारच्याकडे बघत असतो, आणि मनोगताला उभा राहिला की 'मी काय बोलू, तुम्हाला सगळं माहीतच आहे' म्हणून दोन मिनिटांत बसतो. ताईंनी तर मनोगतात महिला मंडळाला एवढंच सांगितलं, की निराधारच्या याद्या नव्याने होतायत, ज्यांच्या ओळखीत कुणी असेल त्यांनी आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक घेऊन उद्या सकाळी या. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी ओट्यावर जागा उरली नव्हती.

माझी तक्रार आहे ती फक्त आभारप्रदर्शनाबद्दल. आपल्या सगळ्या कार्यक्रमात खरी नावं एकदाच घेतली जातात, आणि ती शेवटी. मैदान देणारी शाळा, आदल्या रात्री जागून खुर्च्या मांडणारी पोरं, रांगोळी काढणाऱ्या मुली, स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत बसल्याने कार्यक्रम अजिबात न बघितलेल्या बायका, पाळी नसताना दोन तास पाणी सोडणारा ग्रामपंचायतीचा माणूस. त्यांची नावं माइकवरून चालू असतात तेव्हा समोर चपला शोधायचा कार्यक्रम रंगात आलेला असतो. आभार मानणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून तो 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे' म्हणून घाईने सगळ्यांना एका टोपलीत टाकतो आणि राष्ट्रगीत सुरू करतो.

सत्कार समितीच्या गेल्या बैठकीत मी सूचना मांडली की आभार आधी मानावेत. दीपप्रज्वलन झालं की लगेच, सगळे जागेवर असताना. समिती विचारात पडली. खजिनदार म्हणाले, "गुरुजी, कल्पना सोन्यासारखी आहे. पण आभार ऐकले की उठायचं, ही लोकांना सवय लागलेली. आधीच मानले तर पाहुण्यांनी भाषण कुणापुढं करायचं?" यावर बराच खल झाला. कुणी म्हणालं आधीही मानू आणि नंतरही मानू. कुणी म्हणालं छापून वाटू. शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला: गुरुजींना एवढी तळमळ आहे, तर इथून पुढे नावं गोळा करायची, लिहून काढायची आणि आभार मानायचे हे खातंच गुरुजींकडे द्यावं. ठराव टाळ्यांच्या गजरात, एकमताने मंजूर झाला. नारळ मात्र कुणी दिला नाही.