गिअरबॉक्स गेला, हे कसं सिद्ध करावं?

जुनी ऑटोमॅटिक गाडी. बडोद्यातल्या छाणी जकात नाक्यावर सिग्नल सुटला, मागून रिक्षांनी हॉर्नचा सपाटा लावला, पण डी टाकूनही गाडी ढिम्म. मग अचानक ढुशी मारून सुटली. अभिनंदन! पुढच्या पायऱ्या इमानदारीने पाळा. गिअरबॉक्स धडधाकट असला तरी संध्याकाळपर्यंत तो गेलेलाच निघेल.

१. जात विचारू नका. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी, एएमटी असले भेद पंडितांसाठी. क्लचचं पेडल नाही, म्हणजे ऑटोमॅटिक. विषय संपला. २०१४ साली सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेल्या एएमटीत गिअरबॉक्स साधाच असतो आणि क्लच प्लेटही साधीच. पेडल मारायचं काम तेवढं यंत्र करतं. अशी गाडी धक्के देते तेव्हा पुष्कळदा प्लेटच झिजलेली असते. पण इतक्या स्वस्तात सुटायला आपण इथे जमलेलो नाही.

२. गिअरबॉक्सचं तेल बघू नका. बघायचंच तर गाडी उतारावर लावून, थंडगार असताना बघा. सपाट जागा, गरम झालेलं इंजिन वगैरे सूचना मॅन्युअलात असतात, आणि मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये पीयूसीखाली शांत झोपलेलं असतं. डिपस्टिक चुकून पांढऱ्या फडक्यावर पुसलीत, तर लाल, स्वच्छ डाग उमटला म्हणजे तेल बरं आहे. काळा डाग आणि करपट वास म्हणजे आतल्या क्लच प्लेटा जळताहेत. गुलाबी, दुधाळ डाग म्हणजे पाणी शिरलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात घुसली, त्यानंतर घेतलेली जुनी गाडी असेल तर हा डाग बघायचं हटकून टाळा. विकणाऱ्याने 'पाणी फक्त टायरपर्यंत आलं होतं' असं सांगितलंय ना? मग झालं.

३. तेल कमी असेल तर कुठलंही ओता. लाल दिसलं की पुरे. सीव्हीटीचं तेल वेगळं असतं म्हणणाऱ्याला 'चालशे' म्हणून गप्प करा.

४. छाणी कॅनाल रोडवर चक्कर मारा. शेजारी फर्टिलायझरनगरातले, म्हणजे खत कारखान्याच्या वसाहतीतले, निवृत्त काका बसवा. जन्मभर अमोनियाच्या कॉम्प्रेसरचा आवाज ऐकलेल्या माणसाला तुमचा गिअरबॉक्स म्हणजे किस झाड की पत्ती! आरपीएमचा काटा चढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे आत काहीतरी घसरतंय, ही खरी खूण. तिच्याकडे लक्ष जाऊ नये म्हणून गाणी मोठ्याने लावा. डी टाकताच धक्का बसतो, तो इंजिनाचं माउंटिंग तुटल्यामुळेही बसू शकतो, असं काका म्हणालेच तर त्यांना चहा पाजून घरी सोडा.

५. स्वस्तातला स्कॅनर आणा. तो 'पी ०७००' दाखवेल. याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने तक्रार नोंदवली आहे; तक्रार कसली, ते दुसऱ्या कोडमध्ये असतं. तो शोधू नका. स्क्रीनशॉट 'समस्त परिवार' ग्रुपवर टाका. बॅटरी मरायला टेकली तरी असे कोड उगवतात, म्हणून बॅटरीच्या वाटेला जाऊ नका. शेवटी कोड पुसून टाका. पुरावा नको.

६. आता मेकॅनिक. बॉनेट उघडायच्या आत तो म्हणेल, 'साहेब, गिअरबॉक्स गयो.' मान डोलवा. जकात २००७ साली गेली, तरी नाक्याला अजून जकात नाकाच म्हणतात. तसं एकदा चिकटलेलं निदानही सुटत नसतं.

७. शेवटची पायरी, हिच्यात कसूर नको. गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मकरपुऱ्याला न्यायची आहे. पाठीवर गाडी घेणारा ट्रक महाग पडतो, म्हणून दोर बांधून ओढत न्या. इंजिन बंद, म्हणजे गिअरबॉक्समधला तेलाचा पंपही बंद. पुढची चाकं मात्र रस्त्यावर फिरताहेत आणि आतले दाते कोरडे घासताहेत. निघताना निदानाबद्दल थोडी शंका होती. मकरपुऱ्याला पोहोचेपर्यंत ते शंभर टक्के बरोबर ठरलेलं असेल.