सायकलवाल्यासमोर

आमच्या घराचा पत्ता कुणी विचारला की मी अजूनही 'सायकलवाल्यासमोर' असंच सांगतो. सायकलवाल्याने गाळा सोडला त्याला तीस वर्षं होऊन गेली. परवा एका पार्सलवाल्या पोराला फोनवर हाच पत्ता दिला. तो बिचारा म्हणाला, "काका, इथे सायकलवाला दिसत नाहीये." म्हटलं, "दिसणार नाही. पण बरोबर आलायस, तिथेच थांब."

यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. पुण्यात पत्ता सांगायची रीतच ही आहे. १९१५ साली मंडईजवळ 'आर्यन' नावाचं सिनेमाचं थिएटर निघालं, शेजारी 'मिनर्वा'ही होतं. दोन्ही गेली आणि जागेवर वाहनतळ उभे राहिले. महापालिकेने त्यांना रीतसर नावं दिली आहेत, पण लोक गाडी घेऊन 'मिनर्वा'लाच जातात आणि 'आर्यन हाउसफुल्ल आहे' म्हणत माघारी येतात. सरदार अप्पा बळवंत मेहेंदळ्यांचा वाडा गेला, त्या चौकात पुस्तकांची दुकानं आली, पोरांनी त्याचं एबीसी केलं. अप्पा मात्र अजून चौकातच आहेत. मग आमच्या सायकलवाल्यानेच काय घोडं मारलंय?

तो होताही लक्षात राहण्यासारखा. दोन खणांचं दुकान, आढ्याला टांगलेले टायर, दारात पंक्चर बघायचं काळ्या पाण्याचं घमेलं. पुणं तेव्हा सायकलींचं शहर होतं आणि ज्यांच्याकडे सायकल नव्हती त्यांना तासावर भाड्याने मिळे. मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर. आम्हां पोरांसाठी दोन-चार अर्ध्या सायकली. 'ओळखीशिवाय सायकल मिळणार नाही' अशी पाटी होती, आणि समोरच्या घरातला असूनही मला तो दर वेळी "कुणाचा रे तू?" असं विचारायचा. पाच मिनिटं उशीर झाला की अर्ध्या तासाचे पैसे. लवकर परत आलो तर "एवढ्यात दमलास?" एकूण गिऱ्हाईक दुकानात आलं की त्याच्या कपाळावर आठी चढे. हा काही त्याचा एकट्याचा दोष नव्हे, पेठेतल्या दुकानदारीचा तो दंडकच होता. गिऱ्हाईक ही धंद्यातली एक अटळ कटकट आहे, एवढंच त्यांचं म्हणणं.

पुढे त्या गाळ्यात एसटीडी-पीसीओ आला. रात्री अकरानंतर पाव दर, त्यामुळे इतर वेळी नऊला झोपणारी आमची गल्ली अकराला रांगेत उभी. काचेच्या खोक्यात शिरून लोक नागपूरला इतक्या मोठ्याने बोलत की तारेची तशी गरज नव्हती. कोणाचं लग्न मोडतंय, कोणाचा जावई मागणारा आहे, हे सगळं अकरा ते साडेअकरामध्ये कळे. मग कॅसेट लायब्ररी, सायबर कॅफे, मोबाइल रिचार्ज, केक. प्रत्येकाने उद्घाटनाला सत्यनारायण घातला. पहिल्यांचा शिरा तुपाने ओथंबलेला, द्रोणातून. पुढच्यांचा कागदी वाटीतून. केकवाल्याने एकेक चॉकलेट हातावर ठेवलं.

कोपऱ्यावरचा वाणी तेवढा टिकून आहे. पूर्वी त्याच्याकडे लाल कापडी बांधणीची वही असे आणि आमच्या घराचं पान त्यात होतं. महिन्याची साखर दोन किलोने वाढली की पाहुणे आलेत हे त्याला कळे. सुंठ, डिंक आणि खारीक एकदम गेली की शेजाऱ्यांच्या आधी त्यालाच बातमी. हल्ली मोबाइलवाल्या कंपन्या आपली माहिती गोळा करतात म्हणून आपण घाबरतो. वाण्याकडेही ती सगळी होती, आणि तो ती फुकट वाटायचा. तेव्हा जुनं ते सगळं सोनं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याच्या तांदळातले खडे मी स्वतः निवडले आहेत.

आता वही गेली आणि काउंटरवर बोलका डबा आला. उधारीच्या काळात आपलं कमीजास्त निदान वहीत मिटलेलं असे. आता मी कोथिंबीर घेतली की डबा भर गल्लीत खणखणीत आवाजात सांगतो, "बारा रुपये प्राप्त झाले." मागे उभ्या असलेल्या जोशीकाकू माझ्याकडे अशा बघतात, की मी लाजेकाजेस्तव अर्धा किलो शेंगदाणेही घेतो.

दुपारची वामकुक्षी हा पुणेरी दुकानांचा शेवटचा बुरूज. तोही ढासळला. १ जुलै २०१७ रोजी देशात जीएसटी लागू झाला आणि त्याच सुमारास चितळ्यांचं दुकान एक ते चार उघडं राहू लागलं. यातली कोणती बातमी पेठेत जास्त चघळली गेली, हे सांगायची गरज नाही. आमचे एक आजोबा खात्री करायला दुपारी दोनला, भर उन्हात, मुद्दाम जाऊन आले. बाकरवडी आणली नाही. दुकान उघडं आहे एवढं बघून परतले आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

आणि आता समोरच्या गाळ्यात गेल्या वर्षापासून नवीन दुकान आलं आहे. पाटी नाही. शटर अर्धं खाली. आत कपाटांच्या रांगा, दूध, कांदे, शाम्पू, उदबत्ती. बाहेर रंगीत टी-शर्ट घातलेली पोरं स्कूटरवर बसून फोनकडे बघत असतात. फोन वाजला की पिशवी उचलून सुसाट. दहा मिनिटांत घरपोच म्हणे. एकदा माचिस हवी होती, समोरच तर आहे म्हणून मी आत शिरलो. आतला मुलगा नम्रपणे म्हणाला, "सर, इथे कस्टमर अलाउड नाही. ॲपवरून मागवा."

मी बाहेर येऊन पायरीवर उभा राहिलो आणि मला सायकलवाल्याची फार आठवण झाली. गिऱ्हाईकाने पाऊलच टाकायचं नाही असं दुकान! पेठेतल्या दुकानदारांच्या तीन पिढ्यांनी ज्याची नुसती आस धरली, ते बाहेरून आलेल्या कोणीतरी आमच्याच गाळ्यात करून दाखवलं. बघायला तो हवा होता.

माचिस मी ॲपवरूनच मागवली. त्या मुलाने समोरच्या दारातून निघून स्कूटर चालू केली, गल्लीला वळसा घातला, आणि नकाशात गोंधळून मला फोन केला, "सर, नेमकं कुठे?"

तुम्ही आलात तर असे गोंधळू नका. सायकलवाल्यासमोर, पहिला मजला. कोणालाही विचारा. फक्त एक ते चारमध्ये येऊ नका; चितळे उघडे असले तरी आम्ही झोपतो.