उटनूरचा समुद्रकिनारा

उटनूरपासून कोणत्याही दिशेला निघा, चारशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. हा झाला भूगोल, आणि भूगोलापुढे कुणाचे चालत नाही. राजकारणाने मात्र आम्हाला एकदा समुद्र मिळवून दिला होता. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्य मोडले. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, उटनूर आंध्र प्रदेशात. वाटणीत भावाभावांना एकेक समुद्र आला: त्यांना अरबी, आम्हाला बंगालचा उपसागर. मुरगाव बंदर पदरात पडावे म्हणून निजामाने पोर्तुगिजांपर्यंत खटपट केली आणि शेवटी तो कोरडाच राहिला. त्याच्या प्रजेला समुद्र फुकटात मिळाला. शाळेत नकाशा काढताना आम्ही तो हक्काने निळा रंगवायचो. मग 2 जून 2014 ला तेलंगणा झाले. पाण्यावरून, विजेवरून, नोकऱ्यांवरून भांडणे झाली. समुद्र गेला म्हणून उटनूरमध्ये कुणी हळहळल्याचे मला आठवत नाही.

माझा साडू सोडून.

साडूचा गावाबाहेर फंक्शन हॉल आहे. त्याचे नाव सांगत नाही, पण त्यात ‘बीच’ हा शब्द येतो. मागच्या उन्हाळ्यात तो घरी आला आणि म्हणाला, “साडूबुवा, छताखाली लग्न करायचे दिवस गेले. नांदेडला जा, यवतमाळला जा, जिकडेतिकडे लॉन्स.” हे खरे आहे. पैनगंगेपलीकडे मंगल कार्यालये केव्हाच संपली, आता सगळी लॉन्स. हे अनेकवचन का, ते कुणी सांगत नाही. बहुतेक ठिकाणी एकवचनापुरतेही गवत नसते.

हॉलमागे दीड एकर मोकळे आहे. ती जमीन कोणाची, हे कृपया विचारू नये. उटनूर अनुसूचित क्षेत्रात येते. इथे 1970 चा पहिला विनियम लागू आहे, ज्याला साहेबापासून चहावाल्यापर्यंत सगळे ‘वन सेव्हंटी’ म्हणतात. बिगर आदिवासीला इथे जमीन घेता येत नाही; दुसऱ्या बिगर आदिवासीकडूनसुद्धा नाही. त्यामुळे आमच्या भागात अशा पुष्कळ इमारती आहेत, ज्या कायद्याने नाहीत, नुसत्या डोळ्यांना दिसतात. साडूचा हॉल त्यांतलाच. माझे घरही, कारण माझे आजोबा पैनगंगेपलीकडून आले ते एक कापडाचे गाठोडे आणि दोन ओळखी घेऊन, कागद घेऊन नव्हे. याच रस्त्याने पुढे इंद्रवेल्लीला एक स्मृतिस्तंभ आहे. 20 एप्रिल 1981 ला तिथे आपल्या जमिनीचे गाऱ्हाणे घेऊन जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या होत्या. त्या स्तंभाजवळून जाताना मी विनोद करत नाही. तेव्हा गवताकडे वळू.

गवताला वन सेव्हंटी लागू नाही. जगातले कुठलेही गवत उटनूरला येऊन राहू शकते.

साडूने ते कडियमहून आणायचे ठरवले. राजमहेंद्रीजवळचे कडियम म्हणजे रोपवाटिकांचे गाव. तिथून रोपांचे ट्रक देशभर जातात. गोदावरी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याची दक्षिण कड धरून वाहते आणि पुढे त्यांच्याकडे जाते, म्हणजे आमचे पाणी पिऊन वाढलेले गवतच आम्ही परत आणतो, असा त्याचा हिशेब होता. तिथल्या एका विक्रेत्याने त्याला पुस्तिका दिली: ‘उष्ण किनारी हवामानासाठी हिरवळ’. साडूने ‘उष्ण’ हा शब्द वाचला आणि मान डोलावली. आदिलाबादचा मे महिना 44-45 अंशांचा असतो. ‘किनारी’ हा शब्द त्याने वाचला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आले असावे.

पुस्तिका वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगतो. समुद्राकाठी गवत निवडायचे तर आधी मिठाचा विचार करावा लागतो. वाऱ्यातून खारे तुषार येतात, विहिरीचे पाणी मचूळ असते, वाळूत पाणी थांबत नाही. तिथे सीशोर पॅस्पॅलम चालते. त्याच्याइतके मीठ पचवणारे हिरवळीचे गवत क्वचितच. झाडाखालच्या सावलीत सेंट ऑगस्टीन बरे, पाने रुंद आणि रसरशीत, पण पायदळी तुडवले की रुसते. झॉयशिया अगदी गालिचा. ती सावकाश पसरते, एकदा पसरली की मग तुडवणेही सोसते. आपल्या रोपवाटिकांत तिला कोरियन म्हणतात, मेक्सिकन म्हणतात. तिचा मेक्सिकोशी काही संबंध नाही आणि नाव तर तिला एका ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाचे आहे. पण ‘ऑस्ट्रियन लॉन’ म्हटले तर कोण घेईल?

शेवटच्या पानावर सोनेरी चौकटीत होते हायब्रीड बर्म्युडा. ऊन सोसते, तुडवणे सोसते, पाणी कमी लागते, कापले की दाट येते. सावली मात्र चालत नाही. भाव सगळ्यांत चढा. मी चष्मा लावून फोटो बघितला. मग चष्मा काढून बघितला. “अहो, ही हरळी!”

साडूला अपमान वाटला. पण हरळीच ती. आपली दूर्वा, तेलुगूत गरिका, वेदांत जिचा उल्लेख आहे ती. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी ग्लेन बर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने या गवतावर जन्म घालवला. साधी हरळी आणि तिची आफ्रिकेतली बारीक पानांची बहीण यांच्या संकरातून झालेले ‘टिफवे’ हे वाण 1960 मध्ये तिथूनच बाहेर पडले आणि गोल्फच्या मैदानांवर पसरले. हा संकर वांझ असतो, त्याला उगवणारे बी धरत नाही. कांड्या विकत घ्याव्या लागतात, चौरस फुटाच्या भावाने. इकडे आमचा कापूसवाला शेतकरी बांधावरची हरळी खणून खणून थकतो, मुळी तुटून राहिली की पावसात पुन्हा हजर, म्हणून तो दुकानातून तणनाशक आणतो. तेही दर साल, उधारीवर.

“हरळी लावायला मी दीड एकर ठेवलेले नाही,” साडू म्हणाला. मग त्याने वाटप केले. प्रवेशद्वाराशी पॅस्पॅलम, कारण ती बाजू ‘सी फेसिंग’. मोहाच्या दोन जुन्या झाडांखाली सेंट ऑगस्टीन. स्टेजभोवती झॉयशिया. जुलैत दोन ट्रक आले. गवताचे चौकोन फरशीसारखे उतरवले, वाळू पसरली, पाणी मारले, फोटो निघाले.

शेजारच्या शेतातले गोंड काका बांधावर उभे राहून हे सगळे पाहत होते. त्यांचे मराठी माझ्यापेक्षा चांगले आहे, कारण ते त्यात तेलुगू मिसळत नाहीत.

“हे बैल खातो का?” त्यांनी विचारले.

“खाऊ द्यायचे नाही.”

“छपराला चालते?”

“नाही.”

“झाडू होतो? तेल निघते?” त्यांचा रोख रोशा गवताकडे होता. डोंगरात ते आपोआप येते आणि त्याच्या तेलाला चांगला वास असतो.

“नाही काका. हे नुसते बघायचे.”

काकांनी थोडा वेळ बघितले. “बघितले,” म्हणाले आणि गेले.

पहिली तक्रार म्हशीची आली. सेंट ऑगस्टीनला ऑस्ट्रेलियात बफेलो ग्रास म्हणतात, हे पुस्तिकेत कंसात छापले होते. म्हशीने पुस्तिका वाचली नव्हती, पण तिला ते कळले. दोन रात्रींत मोहाखालचा निम्मा गालिचा गेला. म्हशीच्या मालकाने नुकसानभरपाई मागितली, दूध पातळ झाले म्हणून.

दुसरी तक्रार पॅस्पॅलमची. ते पिवळे पडू लागले. साडूने पुस्तिका पुन्हा वाचली आणि त्याला वाटले, याला आपल्या गावाची आठवण येत असणार. त्याने पाच गोणी मीठ टाकले. मी सांगून पाहिले की हे गवत मीठ सहन करते, मागत नाही. आपणही 45 अंश सहन करतो, म्हणून कुणी आपल्यावर आणखी दोन अंश ओतले तर आपण आभार मानू का? पण मीठ पडून गेले होते. काळ्या मातीत असे मीठ मुरले की ती चिकटून बसते, पाणी खाली जाऊ देत नाही. ऑगस्टमध्ये आमच्याकडचा पाऊस आला. प्रवेशद्वाराशी गुडघाभर पाणी तुंबले आणि आठवडाभर हलले नाही. मी बोट बुडवून चाखले. खारट होते.

2014 नंतर पहिल्यांदा उटनूरला समुद्र आला होता. साडू काठावर छत्री घेऊन उभा होता. त्याचा चेहरा समाधानी होता की नाही, हे छत्रीमुळे दिसले नाही.

विनायक चविती आली. आमच्याकडे गणपतीला एकवीस प्रकारची पत्री लागते आणि वर मराठी घर म्हणून एकवीस दूर्वांची जुडी. सकाळी सहाला मेव्हणीचा फोन: “भाऊजी, तुमच्याकडे दूर्वा आहेत का?” मी म्हटले, तुमच्याकडे दीड एकर गवत आहे! तिने दीड एकर पालथे घातले होते. झॉयशियाला तीन पानांचे अग्र नाही, सेंट ऑगस्टीन गणपतीला चालत नाही, पॅस्पॅलम बुडालेले. अनलासुराला गिळल्यावर देवाच्या पोटातली आग शमवली ती हरळीने, कोरियन लॉनने नव्हे. शेवटी काकांच्या बांधावरून दोन जुड्या आल्या. काकांनी पैसे घेतले नाहीत. एवढेच म्हणाले, “लवकर नेल्या ते बरे. उद्या औषध मारणार होतो.”

हिवाळ्यात सगळे तपकिरी झाले. किनारी गवताला थंडी माहीत नसते, आणि आमच्या भागात एखाद्या वर्षी पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. परदेशात झोपलेल्या गवतावर हिरवा रंग फवारतात, हे साडूने कुठेतरी ऐकले. ते खरेही आहे. त्याने कपाशीच्या पंपाने फवारला. पुढच्या लग्नात वऱ्हाडाची पांढरी धोतरे घोट्यापर्यंत हिरवी झाली आणि नवरदेवाच्या आत्याने ती ओळीने वाळत घातली. त्या दिवशी लॉनवर सगळ्यांत जास्त हिरवळ दोरीवर होती.

मार्चमध्ये मोह फुलला. लॉनवर फुलांचा सडा पडू लागला. साडूने ती घाण काढायला दोन बायका रोजावर लावल्या. पहाटे येऊन त्या टोपल्या भरून फुले घरी नेत, वाळवत, आणि संध्याकाळी रोजही घेत. कुणाला एका कामाचे दोनदा पैसे मिळाल्याची दीड एकरावरची ही एकमेव नोंद.

एप्रिलमध्ये पाणी. उन्हाळ्यात हिरवळीच्या एका चौरस मीटरला दिवसाला पाचेक लिटर लागते. दीड एकर म्हणजे सहा हजार चौरस मीटर. रोजचे तीस हजार लिटर. बोअरने आठ दिवस दिले, मग नुसती हवा. पुष्य अमावास्येला केसलापूरच्या नागोबासाठी मेश्राम कुळाचे लोक हस्तिनमडुगूहून गोदावरीचे पाणी अनवाणी चालत आणतात. तेही मडक्यातून, आणि देवाला तेवढे पुरते. साडूने टँकर विचारले, भाव ऐकला आणि फोन खाली ठेवला.

आता तिथे प्लास्टिकचे गवत आहे. पुरवठादाराच्या वहीत त्याचे नाव ‘ओशन ग्रीन’ आहे. म्हैस आली, हुंगून परत गेली. काका आले, वाकून हात लावला आणि पटकन मागे घेतला, कारण भर दुपारी ते तव्यासारखे तापते. साडू खूश आहे: पाणी नको, खत नको, कापायला नको. जूनच्या पहिल्या पावसात स्टेजजवळच्या दोन पट्ट्यांच्या सांध्यातून एक हिरवा कोंब वर आला. त्याला तीन पाने. साडू तणनाशक आणायला निघाला होता, पण मेव्हणीने चविती होईपर्यंत तिथे कुणी जायचे नाही म्हणून भोवती चार विटा लावल्या.

पुढच्या हंगामाचे बुकिंग सुरू झाले आहे. मे महिन्यातल्या मुहूर्ताची पत्रिका आली तर जरूर या, जेवण उत्तम असते. फक्त अक्षता टाकताना पायातल्या चपला काढू नका.