पंचांसमक्ष बर्बन

हॉट ब्राउन हा पदार्थ पूर्ण शुद्धीतल्या माणसाने शोधून काढला असेल, यावर माझा आजही विश्वास नाही. पावाचे जाड तुकडे, त्यांवर टर्की, तिच्यावर लोणी, मैदा, दूध आणि चीजचा दाट सॉस, तो वरून लालसर होईस्तोवर भट्टीत भाजायचा, आणि एवढ्यावरही कुणी उपाशी उठू नये म्हणून बेकनच्या दोन पट्ट्या. १९२६ साली अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या ब्राउन हॉटेलात फ्रेड श्मिट नावाच्या आचाऱ्याने रात्री उशिरापर्यंत नाचून दमलेल्या पाहुण्यांसाठी हा केला. आधी नाचायची अट पुढे सगळ्यांनी सोडून दिली. आम्ही तर गाडीतून उतरतो ते थेट खायलाच बसतो.

आमची बसायची जागा मात्र ब्राउन हॉटेल नव्हे. ती बार्ड्सटाउन रोडवर आहे, बाहेरून सायकल दुरुस्तीचं दुकान वाटावी अशी. नाव सांगणार नाही, कारण शनिवारी तिथे आधीच टेबल मिळत नाही. केंटकीत आल्यावर पहिले काही महिने आम्ही घरी वरणभात खाऊन देशप्रेम जपलं. मग एकदा तिथे चीज घातलेल्या मक्याच्या कण्या आणि त्यांवर कोळंबी खाल्ली आणि देशप्रेमात थोडी ढिलाई आली. कच्च्या हिरव्या टोमॅटोचे काप मक्याच्या पिठात घोळवून तळतात, ते तिथे खावेत. बायकोने पहिल्याच घासाला ‘यात हिंग हवा होता’ असं म्हटलं, आणि मग मला एकही काप ठेवला नाही.

पण सगळ्यांत लक्षात राहिलेलं जेवण २००९ च्या जानेवारीतलं. बर्फाच्या वादळाने झाडं मोडून तारांवर पडली आणि शहरातल्या कितीतरी घरांची वीज बरेच दिवस गेली. आम्ही घरात स्वेटरवर स्वेटर चढवून, तोंडातून वाफा काढत बसलो होतो. या हॉटेलात गॅस चालू होता. मालकीणबाईंनी शीतकपाटात खराब होईल ते सगळं एका पातेल्यात घातलं आणि बर्गू केला. बर्गू म्हणजे कोंबडी, डुक्कर, मटण, मका, भेंडी, घेवड्याचे दाणे, जे असेल ते तासन्‌तास शिजवून केलेला दाट रस्सा. आत काय आहे हे विचारायचं नसतं. जुन्या काळी खारीही जात असत म्हणे. मेणबत्तीच्या उजेडात दिसत काही नव्हतंच. मी तीन वाट्या प्यायलो. त्या दिवसापासून मी या हॉटेलचा.

महिन्यातून एका मंगळवारी तिथे बर्बन व्हिस्कीची चव घेण्याची बैठक भरते. केंटकीत दारू पिणं आणि दारूची चव घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला लोक हसत येतात, दुसरीला इस्त्री करून. राज्यात माणसांच्या दुपटीहून जास्त पिंपं गोदामांत मुरत पडलेली आहेत, त्यामुळे इथल्या माणसाला पिंपांविषयी आदर असणं स्वाभाविक आहे. ती संघटित झाली तर गव्हर्नर त्यांचाच होईल.

एवढी वर्षं मी या बैठकीला गेलो नव्हतो, कारण तिथे चकणा नसतो. शेंगदाणे नाहीत, चणाडाळ नाही, कांदा-लिंबू नाही. बिनमिठाची दोन बिस्किटं आणि पाणी. मराठी माणूस दारू हे चकण्याचं निमित्त मानतो, आणि इथे निमित्तच तेवढं पुढे ठेवतात. गेलो ते नानांमुळे.

नाना म्हणजे माझे सासरे. राज्य उत्पादन शुल्क खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त. चंदगड-गडहिंग्लज भागात गोवा बनावटीच्या दारूच्या गाड्या अडवण्यात आणि ओढ्याकाठच्या हातभट्ट्या फोडण्यात त्यांची उमर गेली. दारूच्या संगतीत इतकी वर्षं काढून त्यांनी जिभेला थेंब लावलेला नाही. वास मात्र घेतला. नुसता वास घेऊन रसायन किती दिवसांचं आहे, गूळ कुठला, नवसागर जास्त पडलाय का, हे ते सांगत, असं खात्यात अजून बोललं जातं. उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले आणि घरातला एकच टीव्ही बघून कंटाळले. मी चाचरतच बैठकीचं सांगितलं.

“परवाना आहे का तुमच्याकडे?” नानांनी विचारलं.

“नाना, इथे परवाना लागत नाही.”

“तरीच,” ते म्हणाले. कशाविषयी ते कळलं नाही.

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे आणि प्यायला परवाना लागतो, तोही प्रकृती सांभाळण्यासाठी म्हणून. परमिट रूममध्ये रात्री अकराला जे मोठमोठ्याने गात असतात ते कागदोपत्री प्रकृतीच सांभाळत असतात. अमेरिकेला आपल्याला हसायची सोय नाही. १९२० ते १९३३ या त्यांच्या दारूबंदीत डॉक्टरच्या चिठ्ठीवर दर दहा दिवसांनी एक पाइंट व्हिस्की औषधांच्या दुकानात मिळत असे, आणि तेवढ्यापुरते मोजक्या सहा कंपन्यांना परवाने होते. हे ऐकल्यावर नानांचं अमेरिकेविषयीचं मत सुधारलं. “म्हणजे कायदा आहे त्यांच्याकडे,” ते म्हणाले आणि शर्ट बदलायला गेले.

दारातच पोरीने वयाचा दाखला मागितला. नाना चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, आणि दिसतात त्याहून जास्त. मला हसू आलं; त्यांना भरून आलं. त्यांनी पासपोर्ट दोन्ही हातांनी दिला, फोटो नीट ताडून बघायला लावला आणि तिला सांगितलं, “इकडे एकवीस. आमच्याकडे पंचवीस.” ती म्हणाली, “वॉव.” नानांनी ती शाबासकी खात्याच्या वतीने स्वीकारली.

प्रत्येकापुढे एक कागद, त्यावर चार वर्तुळं, प्रत्येक वर्तुळात एक पेला आणि पेल्यात तळाशी जेमतेम पंधरा मिली. नानांनी मनात गुणाकार केला. “साठ. म्हणजे एक लार्ज. गाडी ती चालवेल.” ‘ती’ म्हणजे माझी बायको. तिने मान डोलावली, तिची नजर आधीच पुडिंगच्या पानावर होती. नाना स्वतः पिणार नव्हते. त्यांचे चार पेले साक्षीपुरते.

बैठक चालवणाऱ्या बाईंच्या दोन्ही दंडांवर मक्याची कणसं गोंदलेली होती. बर्बन म्हणवून घ्यायला काय लागतं ते त्यांनी सांगितलं: अमेरिकेतच केलेली हवी, धान्यात निदान ५१ टक्के मका हवा, ओकचं कोरं पिंप आतून जाळून त्यातच मुरवायची, आणि रंग किंवा वास वरून घालायचा नाही. पिंप बर्बनला एकदाच वापरतात. मग ती रिकामी पिंपं स्कॉटलंडला जातात आणि तिथल्या लोकांची व्हिस्की त्यांत मुरते. नाना खिशातल्या वहीत लिहून घेत होते. आंबवताना मागच्या घाण्यातला थोडा आंबट निवळ पुढच्या घाण्यात घालतात, हे विरजणासारखं प्रकरण आलं तेव्हा ते पुटपुटले, “आमचेही घालायचे.” हे आमचे म्हणजे त्यांनी पकडलेले.

खटका उडाला तो प्रूफवरून.

“शंभर प्रूफ म्हणजे पन्नास टक्के अल्कोहोल,” बाई म्हणाल्या.

“सत्तावन्न,” नाना म्हणाले.

बाई हसल्या. नाना हसले नाहीत. त्यांनी इंग्रजांचं प्रूफ समजावून सांगितलं: बंदुकीच्या दारूवर मद्य ओतायचं, ती तरीही पेटली तर माल कसाला उतरला, ती मर्यादा सत्तावन्न टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडच्या बाटलीवर ४२.८ टक्के असा चमत्कारिक आकडा असतो तो त्या शंभरातले पंचाहत्तर म्हणून. हा आकडा मी कॉलेजपासून वाचत आलोय आणि कधी विचार केला नव्हता, बहुधा वाचायची वेळ चुकत असेल. अमेरिकेने सोपं केलं, टक्के दुप्पट केले की प्रूफ. दोघंही आपापल्या देशात बरोबर होते. पण शेजारच्या टेबलावरच्या निवृत्त पोस्टमनने टाळी वाजवली ती नानांसाठी.

मग ‘बॉटल्ड इन बाँड’चा विषय निघाला. तंबाखूपासून रॉकेलपर्यंत काहीही मिसळून व्हिस्की म्हणून विकत होते, म्हणून १८९७ साली कायदा झाला: एका हंगामातला, एकाच भट्टीचा माल, किमान चार वर्षं सरकारी देखरेखीच्या गोदामात, आणि बाटलीत बरोबर शंभर प्रूफ. गोदामाला दोन कुलपं असायची, एक मालकाचं, एक सरकारी अधिकाऱ्याचं. दोन किल्ल्या लागल्याशिवाय दार उघडत नसे.

नानांनी पेन खाली ठेवलं. आजवर जगात उत्पादन शुल्क अधिकाऱ्याला कुणी चांगलं म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. चित्रपटात तो लाच खातो, लग्नात त्याच्याजवळ कुणी बसत नाही. आणि इथे, हजारो मैलांवर, त्याच्या कुलपाच्या जोरावर बाटली महाग विकली जात होती. “किल्ली माझ्याकडेही होती,” ते हळूच म्हणाले.

मुरताना दर वर्षी पिंपातली काही दारू लाकडातून उडून जाते. तिला इथे देवदूतांचा वाटा म्हणतात. हे सांगताना बाईंचा आवाज मऊ झाला. नानांचा कडक झाला. “आमच्याकडे याला घट म्हणतात. इतकी घट आली असती तर देवदूताचा जबाब घेतला असता.”

मग वास घ्यायची पाळी आली. नाक पेल्यात, तोंड किंचित उघडं. कुणाला व्हॅनिला आला, कुणाला कॅरमेल, आणि एका गृहस्थांना आजोबांच्या तबेल्यातलं खोगीर. खोगिराबद्दल मला शंका आहे. व्हॅनिलाबद्दल नाही, कारण ओकचं लाकूड तापलं की त्यातून व्हॅनिलाचाच मूळ घटक सुटतो, आणि जळालेल्या थराखाली लाकडातली साखर खरपूस होते. मी पहिला पेला प्यायलो, आणि तिथले लोक ज्याला केंटकीची मिठी म्हणतात ती छातीत बसली. मिठी म्हणण्याइतकी ती हळुवार नव्हती. दार ढकलून आलेला मामेभाऊ म्हणता येईल.

नाना पेल्यांवरून नाक फिरवत गेले. पहिल्याला काकवी आणि ओलं पोतं. दुसऱ्याला मिरी, सुंठ, “आणि सुतार रंधा मारून गेल्यावरची खोली.” बाईंनी कागद पाहिला. दुसऱ्यात राय हे धान्य जास्त होतं, तिखटपणा येतो तो त्याचाच. तिसऱ्यात रायच्या जागी गहू होता, नाना म्हणाले, “हा गरीब आहे.” चौथ्याला त्यांनी नाकही लावलं नाही. टेबलावरच्या चारही बंद बाटल्या मागून घेतल्या, एकेक हलवली आणि बुडबुडे पाहिले. मोठे बुडबुडे उठून पटकन फुटले तर माल कडक. बारीक राहून रेंगाळले तर सौम्य. त्यांनी बाटल्या कडकपणाच्या क्रमाने मांडल्या. क्रम अचूक होता.

बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “माझे आजोबा असंच करायचे. पूर्व केंटकीच्या डोंगरात.”

“परवाना होता त्यांच्याकडे?”

“नव्हता.”

नानांचा हात सवयीने पेनाकडे गेला. तिथून मागे आला. पुढचा अर्धा तास बाकीच्या गिऱ्हाइकांनी आपापलं पाहून घेतलं. बाईंचे आजोबा रात्री चुलाण पेटवायचे, म्हणजे धूर दिसत नाही. नाना म्हणाले, आमच्याकडेही, पण वास लपत नाही. तिकडचे सरकारी लोक गावात साखर कुणी जास्त घेतली ते किराणावाल्याकडून काढायचे. नाना म्हणाले, आम्ही काळा गूळ आणि नवसागर. तांब्याची नळी, पुरलेली पिंपं, फितूर झालेला शेजारी, सगळं जुळत गेलं. शेवटी बाईंनी विचारलं, पकडलेल्यांपैकी कुणाची चांगली होती का. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी चंदगडकडच्या एका म्हातारीचं वर्णन केलं, काजूच्या बोंडांची काढायची ती. तिचा माल ओतून टाकताना पंचसुद्धा तोंड फिरवून उभे राहिले होते.

चव नोंदवायला एक कार्ड देतात. नानांनी ते मराठीत भरलं: ‘मौजे लुईव्हिल येथील खाद्यगृहात, सायंकाळी सातच्या सुमारास, खालील पंचांसमक्ष, चार काचपात्रांत तपकिरी रंगाचा उग्र वासाचा द्रव मिळून आला. पात्र क्रमांक एक ते तीन वासावरून मक्यापासून बनवलेले. पैकी क्रमांक तीन सौम्य. क्रमांक चारचा कडकपणा बाटलीतील बुडबुड्यांवरून तपासला. सर्व मुद्देमाल जावयाने जागीच नष्ट केला.’ खाली पंच म्हणून माझी आणि पोस्टमनची सही घेतली. पोस्टमनला काय लिहिलंय ते कळलं नव्हतं, पण सरकारी कागद ओळखण्याइतकी नोकरी त्याची झाली होती.

मग पुडिंग आलं. पावाचं, मनुका घातलेलं, वर गरम बर्बनचा सॉस. नानांनी एक वाटी संपवली आणि दुसरी मागवली. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी मेन्यूकडे. शेवटी तिला राहवलं नाही.

“बाबा, त्यात बर्बन आहे. शिजवल्यावर उडते म्हणतात, पण...”

“सगळी उडत नाही,” नाना चमचा चाटत म्हणाले. “मला शिकवतेस? पण हे खातात. माझं खातं पिण्याचं होतं.”